कंसातलं व्याकरण : स्कीम भाषेची पहिली ओळख

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, पुणे, जिथून कुठून हे वाचत असाल तिथून वही आणि पेन जवळ घेऊन बसा. आजच्या भागात आपण एक अख्खी प्रोग्रॅमिंगची भाषा वाचायला शिकणार आहोत. ‘अख्खी’ हा शब्द मी विचार करून वापरलाय. भाषेत प्रावीण्य यायला वर्षं लागतात, ते खरंच. पण तिचं व्याकरण, म्हणजे काय कुठे लिहायचं याचे नियम, एका बैठकीत संपतील एवढे थोडे आहेत. त्या भाषेचं नाव स्कीम. ती लिस्प या जुन्या घराण्यातली आहे.

हीच भाषा का निवडली? प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेला माणूस पहिल्या काही दिवसांत अडतो तो बहुतेक वेळा विचारामुळे नाही, तर विरामचिन्हांमुळे. इथे अर्धविराम हवा, तिथे महिरपी कंस, एक बरोबरचं चिन्ह कुठे आणि दोन कुठे, ओळ किती आत सरकवायची. ज्याचं शिक्षण मराठीत झालंय, त्याला वर इंग्रजीचाही धाक असतो. मग ‘हे आपलं काम नाही’ असं वाटायला लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या अडचणी प्रोग्रॅमिंगच्या नाहीत, लेखनपद्धतीच्या आहेत. लेखनपद्धत जवळजवळ शून्यावर आणली तर खाली काय उरतं, ते स्कीममध्ये स्वच्छ दिसतं.

एक सूचना आधीच देतो. या पुस्तकात कोडसुद्धा देवनागरीत छापलाय. डिफाइन, इफ, लॅम्डा, कार हे भाषेचे स्वतःचे शब्द संगणकावर रोमन लिपीत टाइप करायचे असतात. आकडेही तिथे इंग्रजीच द्यायचे, कारण देवनागरी अंक स्कीमला आकडे म्हणून कळत नाहीत. मात्र आपण स्वतः ठेवलेली नावं, उदाहरणार्थ ‘बिल’ किंवा ‘युनिट’, देवनागरीत ठेवली तर चालतात. या गोष्टीकडे शेवटी परत येऊ.

हे घराणं कुठलं?

जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1958 मध्ये लिस्पवर काम सुरू केलं आणि 1960 मध्ये त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. आज वापरात असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये लिस्पपेक्षा जुनी म्हणून फोरट्रानचं नाव घेतात, आणि तीही एका वर्षानेच मोठी. गंमत अशी, की लिस्पचे ते प्रसिद्ध कंस कायमचे राहावेत असं मॅकार्थींच्या मनात नव्हतं. माणसांनी लिहायला ते वेगळी, गणितासारखी पद्धत आणणार होते. कंसांचं लेखन यंत्राच्या आतल्या मांडणीसाठी होतं. पण स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्याने निबंधातली व्याख्या उचलली आणि ती आयबीएम 704 या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरवली. कंसांतलं लेखन यंत्र वाचायला लागलं, लोक तसंच लिहू लागले, आणि दुसरी पद्धत मागे पडली.

पुढे 1975 मध्ये एमआयटीतच गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी या घराण्यातली एक छोटी, नेटकी भाषा तयार केली. तीच स्कीम. आज घरी करून बघायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे रॅकेट. ही स्कीममधूनच निघालेली भाषा आहे आणि 2010 पर्यंत ती स्कीमच्याच नावाने ओळखली जायची. तिच्याबरोबर डॉक्टर रॅकेट नावाचा एक मोफत प्रोग्रॅम मिळतो. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही चालतो. पहिल्या ओळीत ‘#लँग रॅकेट’ एवढं लिहायचं आणि सुरुवात करायची.

पहिला नियम : कंसात पहिलं काम, मग सामान

शाळेत आपण लिहितो, २ + ३. म्हणजे चिन्ह मधे. स्कीममध्ये चिन्ह पुढे येतं आणि सगळं एका कंसात बसतं:

(+ २ ३)

उत्तर ५. वाचायचं कसं? ‘बेरीज: दोन, तीन.’ कंस उघडल्यावर जी पहिली गोष्ट येते ते काम. त्यानंतर बंद कंसापर्यंत जे येतं ते सामान. मधे स्वल्पविराम नाही, फक्त मोकळी जागा.

मराठी कानाला हे उलटं वाटतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. आपण ‘दोन आणि तीन मिळव’ म्हणतो, ‘मिळव दोन तीन’ म्हणत नाही. पण पाककृतीच्या वहीत आपण नेमकं असंच लिहितो. वर पदार्थाचं नाव, खाली जिन्नस. शिरा: रवा, तूप, साखर. स्कीमच्या थाटात लिहिलं तर:

(शिरा रवा तूप साखर)

चिन्ह पुढे घेतल्याचा पहिला फायदा लगेच मिळतो. सामान कितीही असो, चिन्ह एकदाच लिहायचं.

(+ १० २० ३० ४०)

उत्तर १००. तुलनेचंही तसंच. (< १ ५ ९) म्हणजे ‘हे आकडे चढत्या क्रमाने आहेत का?’ उत्तर ‘खरं’. स्कीम ते #टी असं दाखवते आणि ‘खोटं’ #एफ असं. भागाकाराला तिरपी रेघ. (/ १ ३) असं विचारलं तर रॅकेट एक तृतीयांश हा अपूर्णांक जसाच्या तसा देते, ०.३३३ असं तोडून टाकत नाही.

दुसरा नियम : कंसात कंस बसतो

सामानाच्या जागी आणखी एक कंस ठेवता येतो. आमटीच्या जिन्नसांत फोडणी येते, आणि फोडणीचे स्वतःचे जिन्नस असतात:

(आमटी डाळ चिंच गूळ (फोडणी तेल मोहरी हिंग))

आतली फोडणी तयार झाल्याशिवाय बाहेरची आमटी पूर्ण होत नाही. आकड्यांतही तेच:

(+ १ (* २ (- १० ४)))

सगळ्यात आतला कंस आधी सोडवायचा. (- १० ४) म्हणजे ६. मग (* २ ६) म्हणजे १२. मग (+ १ १२) म्हणजे १३. गुणाकाराला इथे फुली नाही, तारा वापरतात, एवढंच लक्षात ठेवा.

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक कोडं फिरतं: ६ ÷ २(१ + २) किती? कुणी म्हणतं १, कुणी म्हणतं ९, आणि घराघरांतल्या ग्रुपवर भांडण. ते भांडण गणिताचं नसून लेखनाचं आहे, कारण आधी काय करायचं हे त्या लेखनात स्पष्टच नाही. स्कीममध्ये तुम्हाला यातलं एक काहीतरी लिहावंच लागेल:

(/ ६ (* २ (+ १ २)))

(* (/ ६ २) (+ १ २))

पहिल्याचं उत्तर १, दुसऱ्याचं ९. वादाला जागाच उरत नाही. ‘आधी गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी’ हा अग्रक्रम सी भाषेत दहाहून जास्त पायऱ्यांचा होतो. स्कीममध्ये तो अजिबात नाही. पाठ करण्याचं एक अख्खं प्रकरण गळून पडलं. कंस जास्त लिहावे लागतात, ही त्याची किंमत.

कंस म्हणजे सजावट नव्हे

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. शाळेच्या गणितात जास्तीचा कंस घातला तर काही बिघडत नाही. (५) म्हणजे ५ आणि ((५)) म्हणजेही ५. स्कीममध्ये तसं नाही. इथे कंस म्हणजे हुकूम: ‘आतली पहिली गोष्ट हे काम आहे, ते कर.’ म्हणून (५) लिहिलं की भाषा म्हणते, पाच हे काही काम नाही, ते करू कसं? आणि चूक दाखवते. तेव्हा समजुतीखातर जादा कंस कधीच घालू नका. एक कंस, एक काम.

दुसरी जागा मोकळ्या जागेची. स्कीममध्ये नावाच्या मधे आडवी रेघ चालते. ‘स्थिर-आकार’ हे एक अखंड नाव आहे, स्थिरमधून आकार वजा केलेला नाही. वजाबाकी हवी असेल तर (- स्थिर आकार) असंच लिहावं लागतं. त्याचप्रमाणे (+ २ ३) लिहिताना अधिकनंतरची जागा विसरलात आणि (+२ ३) झालं, तर स्कीम ‘+२’ हा एक आकडा समजते. मग कामाच्या जागी आकडा बसतो आणि पुन्हा तीच तक्रार येते.

तिसरी जागा बंद कंसांची. शेवटी चार-चार कंस एकत्र येतात आणि डोळे फिरतात. ते हाताने मोजू नका. डॉक्टर रॅकेटमध्ये कर्सर कंसाशी नेला की त्या कंसाच्या जोडीमधला सगळा भाग वेगळ्या रंगात दिसतो. ओळी किती आत सरकवायच्या तेही तो प्रोग्रॅम सांभाळतो. लिस्प लिहिणारी माणसं वाचताना कंस बघत नाहीत, ओळींची मांडणी बघतात. कंस यंत्रासाठी, मांडणी माणसासाठी.

नाव ठेवणं : डिफाइन

आता खरं काम करू. विजेचं बिल घ्या. दर मी उदाहरणापुरते ठरवलेत, तुमच्या राज्यातले वेगळे असतील. समजा स्थिर आकार १२० रुपये. पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ४ रुपये, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला ९ रुपये. एका घरात १६० युनिट वीज लागली. बिल किती?

(+ १२० (* १०० ४) (* ६० ९))

१२० अधिक ४०० अधिक ५४०, म्हणजे १०६० रुपये. हिशोब बरोबर आहे, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला १२० कशाचे ते कळणार नाही. म्हणून नाव द्यायचं:

(डिफाइन स्थिर-आकार १२०)

आता कुठेही ‘स्थिर-आकार’ लिहिलं की १२० मिळतील. ‘डिफाइन’ म्हणजे ‘असं धर’. बीजगणितात ‘क्ष बरोबर १२० मानू’ म्हणतो, तेच.

कामालाही नाव देता येतं. त्यासाठी नाव आणि त्याला लागणारं सामान कंसात लिहायचं:

(डिफाइन (पहिला-टप्पा युनिट) (* युनिट ४))

याचा अर्थ असा: ‘(पहिला-टप्पा अमुक) असं कुणी लिहिलं तर अमुकला चाराने गुण.’ आता (पहिला-टप्पा ७०) याचं उत्तर २८०. बघा, आपण बनवलेलं काम आणि भाषेसोबत आलेलं काम यांच्या वापरात काही फरक नाही. दोन्ही कंसात पहिल्या जागी बसतात. भाषेने जे दिलं त्याला वेगळा मान आणि आपण केलं त्याला वेगळी वागणूक, असं इथे नाही.

निवड करणं : इफ

बिल १०० युनिटच्या आत आहे की बाहेर, त्यावर हिशोब बदलतो. त्यासाठी ‘इफ’. त्याला तीन गोष्टी लागतात: अट, खरी ठरली तर काय, खोटी ठरली तर काय.

(डिफाइन (बिल युनिट)
  (इफ (<= युनिट १००)
      (+ स्थिर-आकार (* युनिट ४))
      (+ स्थिर-आकार ४०० (* (- युनिट १००) ९))))

आता (बिल ७०) विचारलं की ४०० येतात आणि (बिल १६०) विचारलं की १०६०. बरोबर १०० युनिट असतील तर ५२०. टप्प्याच्या काठावरचा आकडा नेहमी तपासून बघायचा, कारण चूक दडून बसते ती तिथेच.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. ‘सामान आधी सोडव, मग काम कर’ हा आपला मुख्य नियम. इफ हा नियम पाळत नाही, आणि त्याने तो पाळूही नये. समजा न माणसांत १०० रुपये वाटायचेत:

(इफ (= न ०) ० (/ १०० न))

न शून्य असेल आणि इफने दोन्ही बाजू आधीच सोडवायला घेतल्या, तर १०० भागिले शून्य करायची वेळ येईल आणि प्रोग्रॅम तिथेच थांबेल. म्हणून इफ आधी फक्त अट बघतो आणि मग दोनांपैकी एकाच बाजूला हात लावतो. डिफाइनचंही तसंच. ‘(डिफाइन स्थिर-आकार १२०)’ मध्ये स्थिर-आकार या नावाची किंमत शोधायला गेलो तर ती सापडणारच नाही, कारण ती आत्ता कुठे ठरतेय.

अशा मोजक्या शब्दांना खास रूपं म्हणतात. डिफाइन, इफ, आत्ता भेटणारं क्वोट, आणि बिननावाचं काम बनवणारा लॅम्डा ही त्यातली मुख्य. बाकी जवळजवळ सगळं पहिल्याच नियमाने चालतं. व्याकरण संपत आलं म्हणतो ते यामुळे.

यादी आणि एक छोटी खूण

तीन महिन्यांची बिलं एकत्र ठेवायचीत: ६२०, ७४०, ५८०. यादी म्हणून (६२० ७४० ५८०) लिहिलं तर काय होईल ते तुम्हाला आता सांगता यायला हवं. स्कीम म्हणेल, ६२० हे काम नाही. तिला सांगावं लागतं, की बाई, हे करायचं नाहीये, नुसतं ठेवायचंय. त्यासाठी कंसाच्या आधी एक उभी छोटी खूण:

'(६२० ७४० ५८०)

याला क्वोट म्हणतात. मराठीतही आपण हा फरक करतो. ‘पुणे मोठं आहे’ म्हणतो तेव्हा शहराबद्दल बोलतो. ‘“पुणे” या शब्दात दोन अक्षरं आहेत’ म्हणतो तेव्हा शब्दाबद्दल बोलतो, आणि अवतरणचिन्ह घालतो. क्वोटचं काम तेच. वस्तू नको, लिहिलेलं हवं.

यादीतली पहिली गोष्ट काढायला ‘कार’ आणि पहिली सोडून उरलेली यादी काढायला ‘कुडर’. ही विचित्र नावं आयबीएम 704 या यंत्राच्या आतल्या शब्दाच्या दोन भागांवरून पडली. यंत्र इतिहासजमा झालं, नावं मात्र टिकली. यादी रिकामी आहे का हे विचारायला ‘नल?’. प्रश्नचिन्ह हा इथे नावाचाच भाग आहे. ज्या कामाचं उत्तर खरं किंवा खोटं असतं, त्याच्या नावाला शेवटी प्रश्नचिन्ह लावायची स्कीममध्ये रीत आहे.

आता यादीची बेरीज करू:

(डिफाइन (बेरीज यादी)
  (इफ (नल? यादी)
      ०
      (+ (कार यादी) (बेरीज (कुडर यादी)))))

मराठीत वाचू. यादी रिकामी असेल तर बेरीज शून्य. नसेल तर पहिला आकडा, अधिक उरलेल्या यादीची बेरीज. बेरजेच्या व्याख्येत बेरीजच आली म्हणून दचकू नका. दर वेळी यादी एकाने लहान होतेय, त्यामुळे केव्हातरी रिकामी होणारच. कागदावर उलगडून बघा:

(बेरीज '(६२० ७४० ५८०))
(+ ६२० (बेरीज '(७४० ५८०)))
(+ ६२० (+ ७४० (बेरीज '(५८०))))
(+ ६२० (+ ७४० (+ ५८० (बेरीज '()))))
(+ ६२० (+ ७४० (+ ५८० ०)))

आता आतून बाहेर या. ५८०, मग १३२०, मग १९४०. झालं. हे पाच ओळींचं उलगडणं एकदा स्वतःच्या हाताने लिहिलंत की पुनरावर्तन म्हणजे काय ते समजलं.

कामसुद्धा सामान म्हणून देता येतं. ‘मॅप’ला एक काम आणि एक यादी द्या, तो यादीतल्या प्रत्येकावर ते काम करून नवी यादी देतो:

(मॅप बिल '(७० १६० १००))

उत्तर '(४०० १०६० ५२०). इथे ‘बिल’ या शब्दाभोवती कंस नाही, कारण ते आत्ता करायचं नाहीये, फक्त मॅपच्या हातात द्यायचंय.

इतक्या कंसांचा मोबदला

आता मुद्द्यावर येऊ. ही दोन लेखनं शेजारी ठेवा:

(+ २ ३)
'(+ २ ३)

पहिल्याचं उत्तर ५. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तीन गोष्टींची एक यादी: अधिकचं चिन्ह, २ आणि ३. म्हणजे (कार '(+ २ ३)) विचारलं तर अधिकचं चिन्ह हातात येतं. प्रोग्रॅम ज्या आकारात लिहितो आणि माहिती ज्या आकारात ठेवतो, ते दोन्ही आकार एकच आहेत: कंसातली यादी. मधे फक्त त्या छोट्या खुणेचा फरक.

म्हणून इथे प्रोग्रॅमच दुसरा प्रोग्रॅम वाचू शकतो, त्यातले तुकडे बदलू शकतो, नवा प्रोग्रॅम लिहू शकतो. आणि म्हणून भाषेत नवे शब्द भरणं सोपं जातं. रॅकेटमध्ये दोन नियम लिहू:

(डिफाइन-सिंटॅक्स-रूल (धर नाव किंमत)
  (डिफाइन नाव किंमत))

(डिफाइन-सिंटॅक्स-रूल (जर अट हो नाही)
  (इफ अट हो नाही))

पहिला नियम सांगतो, की ‘(धर नाव किंमत)’ असा आकार दिसला की त्या जागी ‘(डिफाइन नाव किंमत)’ ठेव. दुसरा ‘जर’साठी तसंच सांगतो. अशा नियमाला मॅक्रो म्हणतात. प्रोग्रॅम चालायच्या आधीच ही अदलाबदल होऊन जाते. आता बिलाचा प्रोग्रॅम असा लिहिता येईल:

(धर (बिल युनिट)
  (जर (<= युनिट १००)
      (+ स्थिर-आकार (* युनिट ४))
      (+ स्थिर-आकार ४०० (* (- युनिट १००) ९))))

आकडे सोडले तर हा प्रोग्रॅम संगणकावरही देवनागरीतच टाइप होतो आणि चालतो. ‘जर’ साध्या कामासारखा बनवला असता तर चाललं नसतं, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. साधं काम दोन्ही बाजू आधी सोडवतं, आणि मघाचा शून्याने भागाकार परत समोर येतो. मॅक्रो सामान सोडवत नाही, ते जसंच्या तसं नव्या जागी ठेवतो. म्हणून इथे मॅक्रोच हवा.

यावरून सगळ्यांनी मराठीतच प्रोग्रॅम लिहावेत, असं मी म्हणत नाही. चार राज्यांतल्या लोकांबरोबर एकाच प्रोग्रॅमवर काम करायचं असेल तर सगळ्यांना वाचता येतील अशीच नावं ठेवावी लागतात. पण ‘डिफाइन’ आणि ‘इफ’ हे शब्द यंत्राने लादलेले नाहीत, कुणीतरी निवडलेले आहेत, आणि दोन-दोन ओळींत ते आपल्याला बदलता येतात, हे एकदा स्वतः करून बघावं. इंग्रजीचा धाक कमी करायला याच्यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

नोकरीत उपयोग काय?

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. स्कीमवर थेट नोकरी मिळणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो. पण लिस्पचं घराणं आपल्या आसपास आहे. ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्यांकडे ऑटोलिस्प असते. तिथे डिफाइनऐवजी दुसरे शब्द आहेत, पण कंसाचा नियम हाच. गिंप या चित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्क्रिप्ट-फू लिहिता येते, ती तर स्कीमच आहे. ईमॅक्स हा जुना एडिटर त्याच्या स्वतःच्या लिस्पने घडवलेला आहे. रिच हिकी यांनी 2007 मध्ये आणलेली क्लोजर ही याच घराण्यातली. आणि पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये मॅप आणि लॅम्डासारख्या गोष्टी भेटतील, तेव्हा त्या ओळखीच्या वाटतील.

आता घरचा अभ्यास. एक: २०० युनिटच्या पुढे प्रत्येकी १२ रुपये असा तिसरा टप्पा बिलात घाला. इफच्या आत दुसरा इफ लागेल. २५० युनिटचं बिल २०२० रुपये आलं तर तुमचं बरोबर. दोन: यादीत किती गोष्टी आहेत ते मोजणारं ‘मोजणी’ नावाचं काम लिहा. बेरजेच्या व्याख्येत एकच जागा बदलायची आहे, ती शोधा. तीन: (बेरीज ६२० ७४०) हे का चालत नाही, ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा.

तिसरा प्रश्न दिसायला सोपा आहे, पण तो टाळू नका. चूक का झाली ते मराठीत नीट सांगता आलं, की ती सुधारायला फार वेळ लागत नाही. पुढच्या भागात लॅम्डा आणि लेट बघू. तोवर नमस्कार.